कंट्रोलचा भात

“चांगुणाबाई, खरं सांगा. कंट्रोलला औषध मारलं ना तुम्ही?”

रविकांत सरांनी हे विचारलं तेव्हा चांगुणाबाई बाराव्या वाफ्याच्या कडेला उकिडव्या बसून भाताची पानं तपासत होत्या. एकेक पान उलटं करायचं, करप्याचे ठिपके मोजायचे आणि आकडा मला ओरडून सांगायचा. तो वहीत लिहायचं काम माझं. सकाळपासून आमचं हेच चाललं होतं. त्यांनी मान वर केली, आधी सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि चक्क हसल्या. सर थट्टा करताहेत असं त्यांना वाटलं.

सर थट्टा करत नव्हते. तीन वर्षांत मी त्यांना एकदाच थट्टा करताना पाहिलं होतं आणि तेव्हाही कोणी हसलं नव्हतं.

मी प्रियंका, मानवतची. परभणीच्या एका संशोधन केंद्रात भातावर पीएचडी करत होते आणि रविकांत सर माझे मार्गदर्शक. ज्वारीच्या मुलखात भातावर पीएचडी म्हटल्यावर माझ्या मावशीने विचारलं होतं, “अगं, आपल्याकडं भात पिकतो तरी का? आपुन तर लगनात खातो.” पण आमच्याकडे पावसाच्या पाण्यावर पेरायची साळ होते, थोडी होते, आणि जी होते तिच्यावर करपा येतो. हवेतून बुरशी येते, पानांवर डोळ्याच्या आकाराचे ठिपके पडतात, आणि आठ-दहा दिवसांत वाफा शेकल्यासारखा दिसायला लागतो.

माझा प्रयोग सांगायला सोपा आहे. रोपाचं पान कुठे कुरतडलं, चिरडलं गेलं की रोपाच्या अंगात एक संजीवक तयार होतं. ते बाकीच्या पानांना वर्दी देतं, आणि मग पानं स्वतःच बुरशीला न पचणारी द्रव्यं बनवून ठेवतात. तेच संजीवक आपण रोग यायच्या आधी बाहेरून फवारलं तर रोप तयारीत राहील का, एवढंच मला बघायचं होतं. त्याचं नाव लांबलचक आहे, पण ते पहिल्यांदा जाईच्या तेलात सापडलं आणि बाटलीचं बूच काढलं की वासही तसाच येतो.

हे मी मजुरांना समजावून सांगितलं तेव्हा बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. चांगुणाबाईंनी डोलावली नाही.

“म्हंजी ताई, आपुन औषिद मारायलोच न्हाई,” त्या म्हणाल्या. “चोर आला, चोर आला म्हून नुसतं वरडायलो.”

“बरोबर.”

“आन् चोर आलाच न्हाई तर?”

“तर रोपाची मेहनत फुकट. दाणे थोडे कमी भरतील.”

“मान्सावानीच हाय की मंग,” असं म्हणून त्या खुरपायला लागल्या.

त्यांचं वय तेव्हा अठ्ठावन्न. झरीहून रोज सकाळी एसटीने यायच्या, सव्वीस वर्षं भाताच्याच ब्लॉकवर रोजंदारीला होत्या. लिहितावाचता येत नव्हतं. वाफ्यांवरच्या पाट्या त्या स्वतःच्या पद्धतीने वाचायच्या. इंग्रजी ‘टी’ म्हणजे खुंटी, तो फवारायचा वाफा. इंग्रजी ‘सी’ म्हणजे फुटकी बांगडी, तो कंट्रोल. सव्वीस वर्षांत खुंटी आणि बांगडीची गफलत त्यांच्या हातून एकदाही झाली नव्हती. पदवीधरांच्या हातून झालेली मी स्वतः पाहिली आहे; त्यातला एक पदवीधर मी आहे.

आता हा ‘कंट्रोल’ शब्द. प्रयोगात ज्याला काहीच द्यायचं नाही, नुसतं पाणी फवारायचं, तो कंट्रोल. पण आमच्या भागात कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. कंट्रोलची साखर, कंट्रोलचे तांदूळ. म्हणून मी पहिल्या दिवशी “हे सहा वाफे कंट्रोलचे” म्हटल्याबरोबर गीताबाई म्हणाल्या होत्या, “कंट्रोलचा भात व्हय? मंग अंगठा लावल्याबिगर उगवायचा न्हाई.” सगळ्या बायका खुरपी टाकून हसल्या. चांगुणाबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

“हसताव काय? शेजाऱ्याला अत्तर आन् ह्येला फकस्त पानी. बिचाऱ्याला बी वाईच द्यावं की.”

हे वाक्य पुढे त्यांच्या अंगाशी आलं.

कारण आता, करप्याची बुरशी सगळ्या बारा वाफ्यांवर सोडून दहा दिवस झाल्यावर, फवारलेले सहाही वाफे हिरवेगार होते. तिथपर्यंत आनंदच होता. पण कंट्रोलच्या सहापैकी पाच वाफेसुद्धा जवळजवळ तसेच हिरवे होते. फक्त विहिरीकडचा पहिला वाफा करपून गेला होता. विहिरीजवळ ओल जास्त, ओलीत रोग जास्त, अशी मी स्वतःची समजूत घालून टाकली. पण ज्याला काहीच दिलं नाही तोही निरोगी राहिला, तर ज्याला दिलं त्याचं कौतुक ते काय? प्रयोग मातीत गेला होता. तीन वर्षांतला शेवटचा हंगाम होता आणि कोणीतरी चुकलेलं असणं भाग होतं.

“फवारणीच्या दिवशी पंप कोणी धुतला?” सरांनी विचारलं.

“म्याच धुतला. विहिरीवर,” चांगुणाबाई म्हणाल्या. हसू मावळलं होतं.

“उरलेलं औषध?”

“खड्ड्यात वतलं. ताईनं सांगितलं तसं.”

“कोणी पाहिलं?”

गीताबाई मध्येच बोलल्या. वाईट हेतूने नाही, त्यांना तोंड आवरत नाही इतकंच. “ती म्हनत व्हती सर, बिचाऱ्या कंट्रोलला बी वाईच द्यावं म्हून. समद्यांनी आयकलंय.”

सर माझ्याकडे वळले. “प्रियंका, तुला काय वाटतं?”

इथे मी जे बोलले ते मला अजून ऐकू येतं. मी म्हणाले, “दुसरं काय असणार, सर?”

चांगुणाबाईंनी हातातलं पान सोडून दिलं. उठल्या, लुगड्याचा चिखल झटकला. रडतील किंवा हातापाया पडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी दोन्हींपैकी काही केलं नाही.

“म्या मारलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “मारलं असतं तर मारलं म्हून सांगितलं असतं. सर, तुमी एक वाण पारखायचं तर तीन-तीन हंगाम पेरताव. एका वाफ्याचं खरं मानीत न्हाईत, तिथं तीन वाफे घेताव. आन् माजा निकाल एकाच हंगामावर?”

सरांनी सरळ हुकूम दिला. “उद्यापासून तुम्ही ज्वारीच्या ब्लॉकवर जा. भातावर येऊ नका.”

“ज्वारीवर न्हाई जात. चोर म्हून धाडायलाव, तर मी घरलाच जाते.”

विहिरीवर हातपाय धुतले, डबा घेतला आणि गेल्या. गेटपर्यंतचा रस्ता सरळ आहे. बराच वेळ त्या दिसत राहिल्या, आणि मी वहीत बघत राहिले.

त्या गेल्यावर ब्लॉकवर कोणी गाणं म्हटलं नाही की कोणी कुणाची टर उडवली नाही. चौथ्या दिवशी सरांनी मला अहवाल लिहायला सांगितला. “एका ओळीचं काम आहे. मजुराच्या चुकीमुळे प्रयोग बाद. नाव आणि तारीख घाल. फाइलला लावून टाकू.”

मी लिहायला बसले. मजुराच्या चुकीमुळे. मग कंस करून चांगुणाबाईंचं पूर्ण नाव लिहिलं. ही फाइल एकदा कपाटात गेली की दोन वर्षांनी नवा साहेब येऊन ती उघडणार आणि म्हणणार, हां, ही ती बाई. सव्वीस वर्षांपैकी कागदावर तेवढीच उरणार. फवारणीची तारीख नक्की कोणती होती ते बघायला मी शेतातली वही उघडली. तारीख होती. दुसऱ्या दिवशीच्या पानावर समासात माझ्याच अक्षरात एक ओळ होती, वर गंमत म्हणून काढलेलं हसरं तोंड: “चां. म्हणते, रस्त्याकडच्या कंट्रोललाही वास यायलाय. धने??”

मला आठवलं. सकाळी त्या पाटावर उभ्या राहून म्हणाल्या होत्या, “ताई, कंट्रोलला बी वास यायलाय बगा. धने भरडल्यावानी.” मी “हो का?” म्हटलं होतं आणि मोबाइल बघत पुढे गेले होते. ज्या बाईने चोरून फवारलं, ती दुसऱ्या दिवशी स्वतःच येऊन मालकाला वास दाखवील का?

वही घेऊन मी तशीच वाफ्यांवर गेले. बारा वाफे एका ओळीत, मावळतीला विहीर, उगवतीला रस्ता. कोणता वाफा फवारायचा ते मी चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं, नियमाप्रमाणे. चिठ्ठीत पहिलाच, विहिरीकडचा वाफा कंट्रोल निघाला. बाकीचे पाच कंट्रोल फवारलेल्यांच्या मध्ये किंवा पलीकडे, रस्त्याच्या बाजूला. श्रावणातला वारा आमच्याकडे मावळतीकडून येतो आणि दिवसभर थांबत नाही. माझ्या दुपट्ट्याचं टोक उडून रस्त्याकडेच फडफडत होतं. विहिरीकडच्या वाफ्याच्या आधी वाऱ्याला काहीच लागत नव्हतं. बाकीच्या पाचांवर तो आधीच्या फवारलेल्या वाफ्यांना हुंगून, त्यांची वर्दी घेऊन येत होता.

दोन वाफ्यांत मी दोन फुटांची वाट ठेवली होती. नीट करायचं तर कंट्रोल दूर हवे होते. जागा कमी पडत होती म्हणून मी जवळ घेतले, आणि आराखड्यावर सरांनी सही केली होती. चूक शोधायला आम्ही आख्खा ब्लॉक पालथा घातला, फक्त आमच्या सह्या तेवढ्या तपासल्या नाहीत.

रविवारी मी झरीला गेले. चांगुणाबाईंचं घर शाळेच्या मागे, दोन खोल्यांचं, पत्र्याचं. सून बबिता दारात गहू निवडत होती. “जयभीम” म्हणून तिने मला आत घेतलं आणि सासूला हाक मारली. चांगुणाबाई परसातून आल्या. मला बघून त्यांनी पदर सारखा केला आणि बसायला पाट दिला. पाहुणी आली तर पाहुणी, मग ती कोणीही असो.

“ताई, चा घेताव ना?”

“चांगुणाबाई, मी चुकले,” मी म्हणाले. इतकी वाक्यं एसटीत जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. “तुम्ही नाही मारलं. मला कळलंय.”

“मला बी कळलंय की,” त्या म्हणाल्या. “म्या न्हाई मारलं त्ये मला पैल्यापासून ठाव हाय.”

बबिता खुदकन हसली आणि चहाला आत गेली. मला रडायला येत होतं, ते अर्ध्यात राहिलं.

मी वही उघडून वाऱ्याचं सांगायला लागले. चांगुणाबाईंनी मला मध्येच थांबवलं.

“येवढं कामून सांगायलाव? ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण न्हाई पण गुण लागला. झालं.”

ही म्हण आमच्याकडे सगळेच म्हणतात, पण म्हणतात ती बिघडलेल्या पोरांसाठी. चांगल्या गुणासाठी ती कोणी वापरलेली मी ऐकली नव्हती, आणि ती ऐकवली होती भाताच्या वाणाबद्दल. माझा तीन पानांचा खुलासा त्यांनी अर्ध्या ओळीत संपवून टाकला होता.

“पण त्या वासाचं काय? धन्याचा?”

“हां. ताई, वास दोन असत्यात. बाटलीचा वास जाईच्या फुलावानी, त्यो सांजच्यापसतूर उडून जातो. दुसऱ्या दिशी येतो त्यो पिकाचा सवताचा. धने भरडल्यावर येतो का न्हाई, तसा. त्यो आला का समजायचं, साळ जागी झाली. म्या त्ये लय वर्सांपसून बगायलेय. अळी लागली तरी येतो, थोडा थोडा.”

“मग कधी सांगितलं का नाही?”

“इचारलं कुनी?” त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. मग हसून म्हणाल्या, “आन् मला शिकिवलं तरी कुनी? मी बी सव्वीस वर्सं शिकलेल्यांच्या वाऱ्याला हुबी हाय, ताई. थोडं आंगाला लागनारच.”

चहा झाला. मी विचारलं, उद्यापासून याल का? त्यांनी कप खाली ठेवला.

“येते. पन सरांसमोर. समद्यांसमोर म्हनलेत त्ये, समद्यांसमोरच फिटलं पायजे.”

सरांना मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं, हे मला कबूल केलं पाहिजे. वाऱ्याचं त्यांना पटलं. वासाचं पटलं नाही. “नाकाचा पुरावा कोणत्या तक्त्यात घालायचा? ते मोजायचं यंत्र आपल्याकडे नाही, नमुने बाहेर पाठवले तर सहा महिने. आणि बाई उद्या काहीही म्हणेल.” मग थोडं थांबून ते म्हणाले, “ठीक आहे. नाकाचीच परीक्षा घेऊ. पण मी घेईन.”

परीक्षा त्यांनी कडक घेतली. भाताच्या बारा एकसारख्या बादल्या. सहांवर त्यांनी स्वतः संजीवक फवारलं, सहांवर पाणी. बादल्यांच्या बुडाला आकडे चिकटवले आणि यादी खिशात ठेवली. मलाही दाखवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बारा बादल्या हरितगृहाबाहेर कशाही क्रमाने मांडल्या. सगळा ब्लॉक जमला. गीताबाई सर्वांत पुढे.

चांगुणाबाई धुतलेलं लुगडं नेसून आल्या होत्या. पहिल्या बादलीपाशी गेल्या, वाकल्या आणि परत सरळ झाल्या.

“सर, तुमी वाईच लांब हुबं ऱ्हावा. आंगाला सेंट मारून आलाव. मला निस्तं तुमीच यायलाव.”

सर चार पावलं मागे सरकले. आमच्या केंद्रात सरांना मागे सरकवणारा माणूस त्याआधी मी पाहिला नव्हता.

मग त्यांनी सुरुवात केली. पानाला हात न लावता वाकायचं, डोळे मिटायचे, श्वास घ्यायचा.

“हाय.” पुढे. “न्हाई.” “न्हाई.” “हाय.”

सर प्रत्येक बादली कलती करून बुडाचा आकडा बघत होते आणि यादीवर खुणा करत होते. आठ झाल्या आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. नवव्या बादलीशी चांगुणाबाई जरा जास्त वेळ थांबल्या.

“हाय. पन कमी हाय.”

“चुकलात,” सर म्हणाले. त्यांना बरं वाटलेलं लपलं नाही. “हे कंट्रोल आहे. यावर मी नुसतं पाणी मारलंय.”

कोणीतरी हळहळलं. चांगुणाबाई परत वाकल्या. एक चूक म्हणजे काही फार नव्हे, बारात एक, कोणत्याही यंत्राला माफ असते. पण त्यांना माफ होणार नव्हती हे तिथे सगळ्यांना माहीत होतं.

त्या उठल्या. “हाय म्हंजी हाय. सर, ह्ये रातच्याला कुटं व्हतं?”

“व्हरांड्यात. पाणी मारलेल्या सगळ्या बादल्या व्हरांड्यात, फवारलेल्या माझ्या खोलीत.”

“समद्या?”

सर बोलायला लागले आणि थांबले. यादी बघितली. यादीत ते नव्हतंच. मग चष्मा काढून पुसला, जे ते सहसा करत नाहीत.

“व्हरांड्यात पाचच मावल्या,” ते हळू म्हणाले. “ही एक मी आत घेतली होती. टेबलाखाली. फवारलेल्यांच्या शेजारी.”

गीताबाई पुढे आल्या, चांगुणाबाईंच्या दंडाला धरून म्हणाल्या, “अगं माय, तुजं नाक हाय का सी.आय.डी. हाय?” मग जो हशा उठला त्यात इतक्या दिवसांची सगळी कोंडी फुटली. राहिलेल्या तीन बादल्या त्यांनी हसत हसतच सांगितल्या, आणि तिन्ही बरोबर निघाल्या.

पुढे आम्ही तेच रीतसर करून पाहिलं. काही बादल्या फवारलेल्यांबरोबर एकाच प्लॅस्टिकच्या छपराखाली, काही दूर दुसऱ्या छपराखाली, सगळ्यांवर करप्याची बुरशी. दहा दिवसांत दूरच्या करपल्या, शेजारच्या तगल्या. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच आलं. बुडालेल्या प्रयोगातून मला आधीच्यापेक्षा चांगला विषय मिळाला. अहवालातली ओळ सरांनी माझ्यासमोर खोडली आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: कंट्रोलचे वाफे फवारलेल्या वाफ्यांच्या वाऱ्याखाली आल्याने प्रयोग बाद, चूक आराखड्याची. खाली आम्हा दोघांच्या सह्या.

ते चांगुणाबाईंना ‘माफ करा’ म्हणाले नाहीत. तो शब्द त्यांना येत नाही. पण पुढच्या जूनमध्ये पेरणीच्या दिवशी, सगळ्या मजुरांसमोर, नव्या आराखड्याचा कागद हातात असताना त्यांनी विचारलं, “चांगुणाबाई, कंट्रोल कुठे घ्यायचं?”

चांगुणाबाईंनी मूठभर भुसा घेतला, हात वर करून सोडला आणि तो कुठे जातो ते पाहिलं. मग विहिरीच्याही पलीकडे, मावळतीकडच्या रिकाम्या तुकड्याकडे बोट केलं. “तितं. वाऱ्याच्या वर.” सरांनी आराखडा दुमडून खिशात घातला.

फुटक्या बांगडीची पाटी त्यांनीच नेऊन तिथे रोवली. मी सोबत होते. मी सहज म्हणाले, “आता याला खरोखर काही मिळणार नाही. बिचारं.”

“न्हाई मिळनार,” त्या म्हणाल्या, पाटीवर दगड ठोकत. “पन आसू द्या. कुनाला तरी फकस्त पानी मिळतं, म्हून तर दुसऱ्याला काय मिळालं त्ये कळतं. त्येचं बी काम मोठंच हाय.” मग पाटी हलवून पक्की झाल्याची खात्री केली.

त्या वर्षी तो वाफा करपला, जसा करपायला हवा होता तसा. चांगुणाबाई रोज जाऊन त्याची पानं मोजत होत्या, बाकीच्यांपेक्षा जरा जास्त वेळ.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची साठी भरली. रोजंदारीवरच्या माणसाला निरोप समारंभ नसतो. मस्टरवरून नाव कमी होतं. आम्ही बायकांनी मिळून त्यांना लुगडं घेतलं, गीताबाईंनी भाषण करायचा प्रयत्न केला आणि रडून गोंधळ घातला. सरांनी त्यांना गेटपर्यंत गाडीने सोडलं, आणि मग काय वाटलं कोणास ठाऊक, झरीपर्यंत सोडलं.

माझी पीएचडी झाली आणि मी त्याच केंद्रात लागले. त्यानंतरच्या पहिल्या श्रावणात फवारणीच्या दुसऱ्या दिवशी मी चांगुणाबाईंसारखीच वाफ्यावर वाकले. डोळे मिटले. चिखल, ओलं गवत, माझ्याच ओढणीचा साबण. दुसरं काही नाही. संध्याकाळी त्यांचा फोन आला. तारीख त्यांच्या लक्षात होती.

“आला का?”

“नाही हो.”

“येईल. गडबड करू नका.”

यंदा मी तीन दिवस कपाळाला, हाताला काही लावलं नाही. सेंट तर नाहीच, साबणही नाही. मजूर माझ्या लांबूनच जात होते. फवारणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातव्या वाफ्याशी वाकले, डोळे मिटले आणि तशीच राहिले. आधी वाटलं, भास आहे. मग वाऱ्याची झुळूक आली आणि आईने उखळात धने टाकून पहिला घाव घातल्यावर यायचा तोच वास आला. पुसट, पण तोच. मी चिखलातच बसले आणि चिखलाच्या हाताने फोन लावला.

“चांगुणाबाई, आला!”



“खुंटीला का बांगडीला?” त्यांनी विचारलं.

“खुंटीला. सातव्या वाफ्याला. बांगडीला नाही, आधी तिकडेच बघून आले मी.”

“धन्याचाच ना? नीट बगितलं का?”

“धन्याचाच. तुम्ही या ना एकदा. तुम्हीच बघून सांगा, म्हणजे पक्कं होईल.”

“मी येऊन काय करू, माय,” त्या म्हणाल्या. मला त्या पहिल्यांदाच ‘ताई’ म्हणाल्या नव्हत्या. “गेल्या हिवाळ्यात तापानं पडले, तवापसून नाकच गेलंय. काल तव्यावर भाकर करपली, तर बबिता पळत आली. मी चुलीपुढंच बसलेली, मला काई कळलंच न्हाई.”

मी ओढणीला हात पुसून वही उघडली.

“आता तूच बग,” त्या म्हणाल्या. “आन् लिहून ठिव वहीत. समासात न्हाई, मदी लिही.”

मी मध्ये लिहिलं.